आमच्याच मोटरवरून गेलेली तार

९ नोव्हेंबर १९८६, रविवार. सौंसरच्या पुढे, बस थांब्यापासून दहा मिनिटांवर, आमचा संत्र्याचा बगीचा. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं.

हजर: मी, सालदार, सालदाराची बायको, तोडणीच्या अकरा बाया, शेजारच्या वावराचे मालक (मागाहून लिहिलं: साडेनऊला आले). गैरहजर: आमचे यजमान, कचेरीच्या कामाने छिंदवाड्याला अडकलेले. बैल: दोन. पैकी तांबडा मेलेला.

हा कागद अजून माझ्याकडे आहे. मी शाळेत शिकवते, आणि जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर याद्या करते. बगीच्यात पाय टाकला की आधी कोण आलं, कोण नाही, ते लिहायचं, मग काम वाटायचं. त्या दिवशीही हाताने सवयीप्रमाणे तेच केलं. ‘मेलेला’ हा शब्द मात्र दोनदा लिहिला गेला आहे, आणि दुसऱ्यांदा पेन्सिलीचं टोक कागदातून आरपार गेलं आहे.

पहिल्या बसने मी उतरले होते. दिवाळीची सुट्टी संपायला चार दिवस होते, आणि तेवढ्यात आंबिया बहाराची संत्री उतरवून पेट्या भरायच्या होत्या. रोज मी पोचेपर्यंत बाया टोपल्या घेऊन झाडांखाली गेलेल्या असत. त्या दिवशी अकराही जणी फाटकाबाहेर उभ्या होत्या, आणि फाटकात सालदाराची बायको दोन्ही हात पसरून आडवी उभी होती.

“कोणी आत पाय टाकू नका वं! तुम्ही बी नका येऊ, बाई. खाली करंट हाये.”

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर वावरातच राहणारा माणूस. आमचे सालदार पन्नाशीचे, मूळचे सावरगावचे, अकरा वर्षं आमच्याकडे. मी त्यांना दादा म्हणे. झालं ते त्यांच्या बायकोने मला फाटकातूनच सांगितलं. सकाळी सहाच्या सुमारास दादा बैलांना पाण्यावर नेत होते. रोज ते पुढे आणि बैल मागे. त्या दिवशी पायात सराटा रुतला म्हणून ते वाटेत थांबले, चप्पल काढून एका पायावर उभे राहिले. तांबडा त्यांना ओलांडून पुढे गेला. चार पावलं गेला आणि उभ्याउभ्या कोसळला. ओरडलासुद्धा नाही. पांढऱ्याने कासऱ्याला हिसडा देऊन मागे उडी घेतली. दादांना वाटलं, बैलाला पान लागलं, साप चावला. ते अनवाणीच त्याला उठवायला धावले. बायको मागून पाण्याची बादली घेऊन येत होती. तिला दवाने भिजलेली तार उजाडताना चमकलेली दिसली. बादली टाकून तिने मागून नवऱ्याचं धोतर धरलं आणि दोघंही चिखलात पडली.

“एक पाऊल राह्यलं होतं, बाई,” ती म्हणाली. “एकच.”

 उभं राहून चालणार नव्हतं. फाटकापासून मोटरीच्या खोलीपर्यंत दगडी पाळ आहे, तिच्यावरून मी एकटी गेले. खोलीचं दार नुसतं लोटलेलं. स्टार्टरच्या पेटीचं झाकण उघडं होतं, आणि आतून एक उघडी तार निघून खिडकीतून बाहेर गेली होती. आमच्या मोटरीच्या पेटीतून. तुराटीच्या वाळक्या काडीने मी मेनचा दांडा खाली ओढला. मग खिडकीतून पाहिलं. तार संत्र्याच्या दोन ओळींमधून, गुडघ्याएवढ्या खुंट्यांवरून सरळ धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, गेली होती आणि तिथून शेजारच्या जवारीकडे वळली होती. खुंट्या एका मापाच्या, घासून गुळगुळीत केलेल्या. घाईने ठोकलेल्या नव्हत्या. कुणीतरी नीट बसून हे काम केलं होतं, आणि तेही पहिल्यांदा केलेलं नव्हतं.

रानडुकरांसाठी अशी तार लावतात हे मी ऐकून होते. कुठेतरी लांब, जंगलाच्या कडेला. आमच्या बगीच्यात, जिथे अकरा बाया वाकून संत्री वेचतात, तिथे? 

परत आले आणि बायांची मोजणी केली. अकरा. दोन मिनिटांनी पुन्हा केली. त्यातली एक, सगळ्यांत जास्त बोलणारी, म्हणाली, “घ्या वं हजेरी दोनदोनदा. माया नावापुढे जित्ती हाये म्हणून लिवा बाई, घरी दाखवाले कामी येईल.”

“चूप वं,” दुसरी म्हणाली, “तुले तर करंटही घाबरते.”

त्या हसल्या. मी त्यांना घरी पाठवून दिलं.

दादा तांबड्याच्या डोक्याशी बसले होते. अंगावरचा चिखल वाळत होता. मी जवळ गेले तर वर न बघता म्हणाले, “बाई, मी आता या वावरात पाय ठेवत नाही. तार कोनाची हाये आन इथं कोनं बसू देली, हे मले समजलं पाहिजे. नाही तर आम्ही दोघं सावरगावले चाललो.”

“दादा, मी शोधून काढते,” मी म्हणाले.

“काढा,” ते म्हणाले. “तुम्ही काढसान. तुमच्याजोळ सारं लिवलेलं असते.”

या माणसाने सासऱ्यांच्या माघारी मला शेती शिकवली होती. आळं किती खोल करायचं, झाडाचं पाणी कधी तोडायचं आणि कधी द्यायचं, कोणती फांदी ठेवायची. ते गेले असते तर बगीचा महिन्याभरातही राहिला नसता. पण त्या क्षणी मला बगीच्याचं काही वाटत नव्हतं. ज्या वाटेवरून ते अकरा वर्षं अंधारात, उजेडात, डोळे मिटून चालत आले होते, त्या वाटेची आता त्यांना भीती वाटत होती. ती भीती घालवणं माझ्याकडे होतं.

इथे एक सांगायला हवं. परवानगीशिवाय आत शिरणाऱ्यांच्या बाबतीत मी कडक आहे अशी माझी ख्याती होती, आणि मला ती आवडत होती. कुत्री घेऊन ससे उठवणारी चार माणसं मी एकदा धुऱ्यावर अडवली होती आणि त्यांना आल्या वाटेने परत पाठवलं होतं. तितर धरायची जाळी लावणाऱ्याची जाळी गुंडाळून त्याच्या हातात दिली होती. शाळेच्या पेंटरकडून पाटी करून घेतली होती, वर मराठीत, खाली हिंदीत: विचारल्याशिवाय आत येऊ नये, शिकार करू नये. शेजारच्या वावराचे मालक ती पाटी पाहून मला म्हणाले होते, “वहिनी, डुक्कर वाचते काय तुमचा बोर्ड?” मी म्हटलं होतं, “डुकरासाठी नाही भाऊ, माणसांसाठी आहे.” आम्ही दोघंही हसलो होतो.

साडेनऊला तेच भाऊ आले. अनवाणी, पळत, टोपी हातात. दादांकडे न जाता सरळ मोटरीच्या खोलीशी माझ्यापाशी आले. मला वाटलं, बैलाचं ऐकून आले असतील. शेजारी आहेत, चांगला माणूस, अडीनडीला बैलबंडी देणारा. मी त्यांना सांगायला लागले की कोणीतरी तार...

“गलती झाली, वहिनी,” त्यांनी मध्येच म्हटलं. “लय मोठी गलती झाली. रात्री लाईन गेली. आमी दोन वाजेपर्यंत बसलो, आलीच नाही. म्हटलं आता दुपारपावतर काही येत नाही, सकाळी येऊन गुंडाळू. घरी जाऊन झोपलो. सहा वाजता आली वाटते. दादाले काही झालं नाही ना?”

मी खिडकीतून गेलेल्या तारेकडे बोट केलं.

“तार तुमची?”

“हाव ना. कोनाची राहीन?”

“आमच्या मोटरीवरून?”

“वहिनी, तुम्हाले माहीत नव्हतं?”

“मला कसं माहीत असणार?”

“मंग डबा कायचा घेतला तुम्ही?”

मला काही कळेना. ते सावकाश, अपराध्यासारखं, पण एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं सांगू लागले. ज्याच्या वावरात डुक्कर पडलं त्याचा वाटा त्याच्या घरी पोचवायचा, ही इकडची जुनी रीत. माझे सासरे होते तेव्हा कुत्री आणि भाले घेऊन दिवसाढवळ्या हाकारा व्हायचा, आणि सासरे स्वतः खात नसले तरी त्यांच्या नावचा वाटा गड्यांकडे जायचा. वाटा घेतला म्हणजे पुढच्या खेपेची मुभा. “आता मामाजी नाही राह्यले. तुमच्यात तर हे बिल्कुल चालत नाही, तुमच्या घरी पाठवावं कसं? म्हणून मी मध पाठवला. तीन डाव पाठवला. तुम्ही ठेवून घेतला.”

“तो मध? मला वाटलं तुमच्या वावरातला आहे, शेजारी म्हणून...”

“वावरातलाच हाये ना. पण कायचा हाये ते तर समजा.” मग हळूच म्हणाले, “आन तुम्ही डबा भरून वापस पाठवला, वहिनी. एक डाव नाही, तिन्ही डाव. आमी म्हटलं, वहिनीनं तोंडानं नाही सांगतलं, बाई मानूस हाये, मास्तरीन हाये, शिकारीचं तोंडानं कशी बोलन? डबा भरून देला, म्हणजे पक्कं.”

मी मोटरीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. आमच्या घरात आलेला डबा रिकामा परत जात नाही. माझ्या आईच्या घरी जात नसे, सासरीही जात नाही. त्यात विचार करण्यासारखं काही असतं हेच मला कधी वाटलं नव्हतं.

“आणि आजची तार?” मी विचारलं. “कुत्री आणि भाले कुठे गेले?”

“आता कोन धावते, वहिनी? पोट्टे नोकऱ्या करून राहिले. तार लावली की काम होते.”

“अकरा बाया कामाला येतात इथे.”

“त्या यायच्या आधी रोज गुंडाळतो ना आमी. आजच...” ते टोपी चुरगळत उभे राहिले.

रोज. म्हणजे किती दिवस मी दव सुकायच्या आत या झाडांमधून फिरले होते, आणि ती तार माझ्या अर्धा तास आधी उचलली गेलेली होती?

मग मी जे करायचं ते केलं. सगळी तार माझ्यासमोर काढायची. प्रत्येक खुंटी उपटून मोजून माझ्या पायाशी टाकायची. स्टार्टरच्या पेटीला कुलूप. पेटी उघडायला कोणी शिकवलं, ते सांगायचं. तांबड्याला ओढायला त्यांनी माणसं आणायची, खड्डा त्यांनी खणायचा, मीठ त्यांनी आणायचं. पांढऱ्याला जोडीदार त्यांनी द्यायचा. भाऊ एकेका गोष्टीला “हाव” म्हणत गेले. शेवटी मी म्हणाले, “आणि मी ठाण्यात लिहून देणार आहे. जंगल खात्याकडेही.”

“द्या,” ते म्हणाले. “माया नावानं द्या. मी नाही म्हणत नाही.” मग म्हणाले, “पण ते विचारतीन, लाईन कोनाची. मीटर कोनाच्या नावावर. इजाजत कोनं देली. मी खोटं नाही बोलनार, वहिनी. डबा सांगाच लागन मले.”

ते धमकी देत नव्हते. तसं असतं तर मला राग तरी आला असता.

दुपारी घरी आले. मी आणखी एक वही ठेवते, घरात कोणाकडून काय आलं आणि परत काय गेलं, त्याची. कोणाचं भांडं आपल्याकडे राहू नये म्हणून. ती काढली. होतं सगळं, माझ्याच स्वच्छ अक्षरात. महालक्ष्म्यांनंतर: मध, स्टीलचा डबा, शेजारचे भाऊ. परत: करंज्या. दसऱ्यानंतर: मध. परत: तिखटमिठाच्या पुऱ्या. दिवाळीत: मध. परत: चिवडा, शंकरपाळे. तिन्ही ओळींपुढे बरोबरची खूण.

यजमानांना रात्री खोकला येतो, त्यांना त्यातलाच चमचा दिला होता. कोजागरीला घरी सत्यनारायण केला, पंचामृतात तोच मध घातला. दादा आणि त्यांची बायको तीर्थप्रसादाला आली होती. दादांनी ओंजळ पुढे केली होती, मी पळीने तीर्थ घातलं होतं, आणि ओला हात त्यांनी डोक्यावरून फिरवला होता. वही मिटून मी स्वयंपाकघरात गेले. आमच्या बरणीत अर्धा मध शिल्लक होता. तो मी मोरीत ओतला, तांब्याभर पाणी ओतलं, पुन्हा ओतलं. ते करताना लक्षात आलं की मी आमचीच बरणी घासून, पुसून, परत द्यायच्या भांड्यांत नेऊन ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच बसने गेले. दादा विहिरीच्या काठावर बसले होते. वळकटी बांधलेली, बायको चुलीपाशी भांडी आवरत होती. पाण्याची पाळी आली होती, पण पाट कोरडा होता. मी खुंट्यांचा भारा दाखवला, कुलूप दाखवलं, किल्ली त्यांच्या हातात दिली. मग सांगितलं, तार शेजारच्या भाऊंची होती, डुकरांसाठी लावत होते, ते कबूल झाले आहेत, पुन्हा लावणार नाहीत.

“आपल्याले विचारलं होतं त्यानं?”

मी एक क्षण थांबले. हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, मला अजून माहीत नाही.

“नाही,” मी म्हणाले. “विचारलं नव्हतं.”

हे खरं होतं. एका शब्दानेही त्यांनी विचारलं नव्हतं.

दादा उठले. “पाय वं,” ते बायकोला म्हणाले, “मी काय सांगत होतो? बाईच्या वावरात बिना विचारता! बाईले माहीत असतं तर तिनं तार बांधनाऱ्यालेच खुंटीले बांधला असता.”

“तुमचं काय, तुम्ही बैलावरही इस्वास ठेवता,” ती म्हणाली. पण वळकटी सोडायला लागली. दादांनी चपला घातल्या, फावडं उचललं, पहिल्या झाडाशी थांबून पायाने जमीन चाचपली. मग दुसऱ्या झाडाशी. तिसऱ्यापासून ते नेहमीसारखे चालायला लागले. थोड्या वेळाने पाट वाहायला लागला.

ठाण्यात द्यायचा कागद मी हिंदीत, दोन पानी, व्यवस्थित लिहिला होता. दिला नाही. यजमान शनिवारी आले, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तू लिहून ठेवलं नसतंस तर कोणाला कळलं असतं?” मला ते पटलं नाही. मी लिहिलं नसतं तरी डबा तर गेलाच असता.

भाऊंनी शब्द पाळला. नवा बैल आला, तार पुन्हा कधी लागली नाही. दादा मात्र सौंसरच्या बाजारात, बसमध्ये, जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेले तर तिथेही ती गोष्ट सांगत राहिले: कसा शेजाऱ्याने चोरून करंट ओढला, कशी आमच्या बाईने एका दिवसात त्याला सरळ केला. माझ्यासमोर सांगत तेव्हा मी दुसरं काम काढून उठून जाई. त्यांच्या सांगण्यात मी होते तशी मी नव्हते, आणि शेजारचे भाऊही त्यात होते तसे नव्हते. दादा आणि भाऊ यांच्यात धुऱ्यावर बोलणं बंद झालं ते झालंच. त्या माणसाची चूक मोठी होती, पण चोरी त्याने केली नव्हती. ते सांगू शकणारी मी एकटीच होते.

या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. यंदा अक्षय तृतीयेला दादांनी साल सोडलं. गुडघे चालत नाहीत, मुलाने सावरगावला बोलावून घेतलं. जाताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि नव्या सालदाराला सांगितलं, “या बाईच्या वावरात डोळे मिटून चालत जाय.” मी तेव्हा बोलायला हवं होतं. बंडी निघाली होती, बायको घाई करत होती. कारणं हीच, दुसरी नाहीत.

गेल्या महिन्यात पांढुर्ण्याला एका लग्नाला गेले होते. नदीचा पूल ओलांडला की सावरगाव. जेवणं आटोपली होती, परतीच्या बसला दीड तास होता. मी मंडपात बसून आहेराच्या भांड्यांची यादी लिहीत राहिले, कोणी सांगितलं नसताना.

या आठवड्याचा कागद समोर आहे. पहिली ओळ: मोटरीचं ग्रीस. दुसरी: पेट्यांसाठी गवत. दोन्हींवर रेघ मारून झाली. तिसरी: सावरगाव, दादांना मधाचं सांगणे.